कडूबाईकडं ठेवलेली सिमं

मी गावचा पोलीस पाटील. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही विचारणारच, की बाबा, तू तेव्हा कुठं होतास. मी तिथंच होतो. पंचनाम्यावर पहिली सही माझी आहे, ठळक आणि वाचता येईल अशी.

दिंद्रुडहून सिरसाळ्याकडं जाताना एक कच्चा रस्ता फुटतो, त्या रस्त्यावर आमचं गाव. गाव शेतकऱ्यांचं, आणि वरच्या अंगाला माळावर मेंढपाळांची वस्ती, त्रेचाळीस घरांची. दिवाळी झाली की वस्तीतले वाडे बाहेर पडतात. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं, खुराड्यातल्या कोंबड्या असा सगळा चालता संसार. गोदाकाठच्या बागायती रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत द्यायचं, त्याच्याकडून धान्य घ्यायचं, असं करत ही माणसं सात महिने फिरतात आणि जेठात परत येतात. मागं वस्तीत उरतात ती न चालणारी माणसं. म्हातारी, आजारी, आणि कडूबाई.

कडूबाई म्हातारी नव्हती, पन्नाशीच्या आतली होती. तिच्या आधीची तीन लेकरं दगावली, म्हणून नजर लागू नये यासाठी आईबापानं तिचं नाव कडू ठेवलं. नावानं ती जगली खरी, पण सातव्या वर्षी एका एडक्यानं तिच्या मांडीवर धडक दिली. हाड मोडलं ते मोडलं, झाडपाल्याच्या पट्टीत वाकडंच जुळलं. मेंढपाळाच्या घरात ज्याला चालता येत नाही त्याची किंमत काय असते, हे मला सांगायला लावू नका. मेंढरू असती तर बाजार दाखवला असता. माणूस होती म्हणून आजीपाशी वस्तीत ठेवली. त्यामुळं झालं असं, की वस्तीतल्या तिच्या वयाच्या बायकांत पाचवीपर्यंत शाळा शिकलेली ती एकटीच. पुढं माजलगावच्या अंगाला लग्न करून दिलं. वर्षाच्या आत नवऱ्यानं आणून सोडली. ‘वाड्यामागं चालंना ती बायकू काय कामाची,’ म्हणाला. बाप त्यावर काही बोलला नाही, कारण त्यालाही ते पटलं होतं. तेव्हापासून ती धाकटा भाऊ नाथा याच्या घराच्या पडवीत राहायची.

आता सिमांचं सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी सगळंच मोबाईलवर आलं. राशन मोबाईलवर, निराधारचा पगार मोबाईलवर, पोरांची शिष्यवृत्ती मोबाईलवर. नंबरवर आकडा येणार, तो आकडा सांगितला तरच काम पुढं सरकणार. आणि मेंढपाळाचा मोबाईल म्हणजे आज खिशात, उद्या कालव्यात. वस्तीतला सगळ्यात वडीलधारा आश्रुबा, त्याचा फोन असाच पाण्यात गेला. आधारला जोडलेला नंबर गेला म्हणून चार महिने राशन बंद. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून तो म्हातारा परभणीकडून तीन वेळा तालुक्याला आला आणि तिन्ही वेळा ‘मशीन बंद आहे’ ऐकून गेला. तेव्हा मीच पारावर बसून म्हणालो होतो, ‘अरे, आधारचं सिम रानात नेताच कशाला? एक साधा फोन न्या वाड्याला, आणि हे सिम ठेवा कडूबाईजवळ. तिला वाचता येतं, आणि ती कुठं पळून जाणार आहे?’ सगळे हसले होते. ही अक्कल माझी. गावात चांगल्या कामाला माझं नाव घेतात तेव्हा मी ते घेऊ देतो, म्हणून हेही माझ्याच नावावर असू द्या.

पहिल्या वर्षी पाच घरांनी सिमं ठेवली, तिसऱ्या वर्षी सगळ्या त्रेचाळीस घरांनी. दिवाळीच्या पाडव्याला वाडे निघायच्या आधी माणसं तिच्या पडवीत यायची, सिम हातावर ठेवायची. मेंढरांना जशी ज्याची त्याची खूण असते, कुणाचा गेरूचा पट्टा, कुणाची निळीची बोटं, तशी तिनं सिमांना खूण केली. चिंधीची बोटभर पिशवी शिवायची, आत सिम, आणि त्या घराच्या मेंढरांचा जो रंग त्या रंगाच्या लोकरीनं तोंड बांधायचं. एका रंगाची दोन घरं असली तर गाठी वेगळ्या. नाथाची गेरूची, एका गाठीची. आश्रुबाची निळी, दोन गाठींची. बटनाचे दोन फोन होते तिच्याकडं. रोज आळीपाळीनं सिमं घालून बघायची आणि मग वाड्यावर फोन लावायची. ‘आश्रुबा मामा, तुमचा पगार जमा झालाय.’ ‘नाथा, पोरीच्या साळंनं कागद मागितलाय, पाठीव.’ एकदा मला म्हणाली, ‘पाटील, आता म्या बी समद्या वाड्यांमागं हिंडती बगा, हितं बसून.’ तिला इतकी खूश मी आधी कधी पाहिली नव्हती, आणि मला ते पाहून बरं वाटलं होतं, हे खोटं नाही.

भागवत याच सुमारास आला. सिरसाळ्याला त्याचं ऑनलाइनचं दुकान, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो अमरसिंहरावांचा पुतण्या. अमरसिंहराव कोण, हे आमच्या भागात विचारत नाहीत. पंचायत कुणाची, कारखान्याला ऊस आधी कुणाचा जाणार, रस्ता कुठून वळणार, हे त्यांच्या ओसरीवर ठरतं. भागवतनं एका दिवाळीआधी वस्तीत येऊन मेंढ्यांच्या विम्याचे म्हणून फॉर्म भरले, सगळ्यांचे अंगठे घेतले, आधारच्या झेरॉक्स घेतल्या. वाडे निघून गेल्यावर तो कडूबाईला फोन करायचा. ‘आत्या, आश्रुबाच्या नंबरवर आकडा आला का? सांगा बरं.’ ती सांगायची.

एक दिवस ती पाय ओढत वस्तीवरून माझ्या घरापर्यंत आली. मी जेवत होतो. तिनं फोन पुढं धरला.

‘पाटील, ह्यात लिव्हलंय, ह्यो आकडा कुनालाबी सांगू नका. मग भागवतला सांगू का नगं?’

मी म्हणालो, ‘भागवत काय कुनीबी हाय का? अमरसिंहरावांचा पुतन्या हाय. परक्याला सांगू नगं म्हंत्यात ते.’

‘आस्सं व्हय. मग बराबर,’ ती म्हणाली, आणि गेली. आमच्याकडं विश्वास असाच चालतो. माणूस कुणाचा कोण, हे एकदा कळलं की पुढचं विचारायचं नसतं. विचारलं तर अपमान होतो, त्याचाही आणि विचारणाऱ्याचाही. मी पुन्हा ताटावर बसलो.

त्या आकड्यांवर भागवतनं वस्तीतल्या माणसांच्या नावानं बँकेत खाती उघडली आणि ती कुठल्यातरी शहरातल्या टोळीला वापरायला दिली. टोळीनं पुण्यातल्या एका निवृत्त माणसाला, वीज तोडतो म्हणून घाबरवून, त्याच्या आयुष्याच्या कमाईला हात घातला. ती कमाई आमच्या मेंढपाळांच्या खात्यांतून फिरून पुढं पसार झाली. मेंढपाळ तेव्हा गोदाकाठी मेंढरं राखत होते. तपास सुरू झाला आणि सगळे नंबर एकाच ठिकाणी सापडले, एकाच पडवीत, दोन बटनाच्या फोनांत. भागवतला आधी कुणकुण लागली. तो स्वतःच पोलिसांकडं गेला आणि म्हणाला, ‘साहेब, माझं लॉगिन हॅक झालंय.’ काकांनीही एक फोन केला असं म्हणतात. मी ऐकलेलं सांगतोय, पाहिलेलं नाही.

पाहिलेलं असं. दोन हजार चोवीसची संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी नऊला दोन गाड्या आल्या आणि मला निरोप आला, पंच म्हणून या. साहेब तरणाबांड, कोरा करकरीत बूट, नुकताच कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेला. दुसऱ्या गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन भागवत बसला होता. तो तांत्रिक मदतीला आला होता.

कडूबाई पडवी शेणानं सारवत होती.

‘लॅपटॉप कुठंय?’ साहेबानं विचारलं.

‘काय?’

‘कॉम्प्युटर, कॉम्प्युटर.’

‘साळंत हाय की साहेब. पर त्यो बंद पडलाय म्हंत्यात.’

शिपाई हसले. मीही हसलो. मग साहेबानं सिमांचं विचारलं, तेव्हा तिचा चेहरा उजळला. हात धुऊन, पदराला पुसून तिनं पत्र्याची पेटी पुढं ओढली आणि एकेक पिशवी काढून सांगायला लागली. ‘ही निळी आश्रुबा मामाची. ही गेरूची माज्या भावाची. ही हिरवी, दोन गाठींची...’ एक शिपाई मोबाईलवर ते सगळं टिपत होता. तिला वाटलं, सरकार अखेर तिच्या कामाची चौकशी करायला आलं. साहेब गाडीतल्या भागवतकडं वळून म्हणाला, ‘कलर कोडिंग आहे बघ. पक्की आहे बाई.’ भागवतनं मान हलवली.

पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारानं मला विचारलं, ‘पाटील, ह्या खुणा कसल्या?’

आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे त्या खुणा कसल्या. पण माझ्या नेमणुकीच्या नूतनीकरणाची फाईल तेव्हा वरच्या साहेबांच्या टेबलावर होती, आणि गाडीत अमरसिंहरावांचा पुतण्या होता. मी म्हणालो, ‘मला काही कल्पना नाही.’ हवालदारानं लिहिलं, ‘सांकेतिक खुणा असलेल्या त्रेचाळीस संशयास्पद पिशव्या.’ मी सही केली.

गाडीची पायरी तिला चढता येईना. दोन शिपायांनी तिला काखेत हात घालून उचलली, आणि एक जण म्हणाला, ‘हॅकर जड हाय बे.’ पुन्हा हसू झालं. ती आत बसली, ओढणीएवढं फडकं तोंडाभोवती गुंडाळलं गेलं, आणि त्या फडक्यातून ती मला म्हणाली, ‘पाटील, वाड्यांना फोन करून सांगा, चार दिस आकडे सांगता येनार न्हाईत म्हनून.’ मी फोन केला नाही.

पेपरात फोटो आला. मधे तोंड बांधलेली बाई, दोन्हीकडं सरळ उभे पोलीस, वर मथळा: सायबर टोळीची सूत्रधार महिला जेरबंद. माझ्या नातवानं तो शाळेत नेला.

मग वस्तीतल्या माणसांना जिथं जिथं त्यांचे वाडे होते तिथून बोलावणं गेलं. एकेकाला आत घेऊन साहेब समजावून सांगायचा, आणि मी दाराशी उभा असायचो, त्यांना समजलं नाही तर आमच्या भाषेत सांगायला. सांगायचं एवढंच होतं. सिम तुम्ही आपण होऊन दिलं म्हणालात, तर गुन्ह्यात तुम्हीही. तिनं तुमच्या नकळत घेतलं म्हणालात, तर तुम्ही फसवले गेलेले. आरोपी व्हायचं की फिर्यादी, बघा. असा प्रश्न विचारल्यावर माणूस काय निवडणार? त्रेचाळीस जबाब झाले, त्रेचाळीसही एका साच्यातले: ‘माझे सिमकार्ड माझ्या संमतीशिवाय सदर महिलेने ताब्यात घेतले.’ नाथाची पाळी आली तेव्हा त्यानं मला विचारलं, ‘पाटील, ह्यात अक्काला काय व्हईल?’

मी म्हणालो, ‘तिचं काय व्हायचं ते होईल. तू तुझी मेंढरं बघ.’

त्यानं अंगठा उठवला.

मार्चमध्ये साहेबानं गावच्या शाळेत सायबर जागृतीचा कार्यक्रम घेतला. सतरंज्या माझ्या, चहा माझा. पडद्यावर चित्रं दाखवत तो हॅकिंगचा सगळा इतिहास सांगत होता, आणि मला कबूल केलं पाहिजे की छान सांगत होता. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत काही पोरांनी खेळण्यातली शिट्टी टेलिफोनात वाजवून लांबलांबचे फोन फुकटात लावले. पुढं तिथल्याच एका विद्यार्थ्यानं असा काही प्रोग्राम सोडला की देशातले हजारो कॉम्प्युटर आडवे झाले. त्याच्यावर नव्या कायद्यानं खटला चालला, शिक्षा काय झाली तर दंड आणि चारशे तास समाजसेवा. पुढं तो मोठा प्राध्यापक झाला. फिलिपाईन्समधल्या एका पोरानं प्रेमपत्राच्या नावानं जगभर विषाणू पाठवला, तर त्या देशात तसा कायदाच नव्हता, त्याला सोडून द्यावं लागलं. त्याच वर्षी आपल्या देशानं कायदा केला, आठ वर्षांनी तो आणखी कडक केला. ‘आता कुणी सुटत नाही,’ साहेब म्हणाला. टाळ्या पडल्या. मी हिशोब लावत बसलो होतो. तिकडं चोर सापडला होता पण कायदा नव्हता. इकडं कायदा होता, आणि चोर पहिल्या रांगेत सत्काराची वाट बघत बसला होता. कारण कार्यक्रमाच्या शेवटी तपासाला सहकार्य केल्याबद्दल भागवतचा सत्कार झाला. शाल मीच आणली होती.

कडूबाई तेव्हा जिल्ह्याच्या तुरुंगात होती. तिला सरकारी मदतीतून एक वकील मिळाली होती, प्रियदर्शनी नावाची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, माजलगावहून स्कूटीवर यायची. तिनं भांडून जामीन मंजूर करून घेतला. पण जामीनदार जमीनवाला पाहिजे, आणि वस्तीत कुणाच्या नावावर वावभर रान नाही. ती माझ्याकडं आली.

‘तुमचा सातबारा आहे, पाटील. एक सही करा, बाई घरी येईल.’

‘मी पोलिसांचा पंच. मला चालत नाही,’ मी म्हणालो. ते खरंही असेल. मी कुणाला विचारलं नाही.

जेठात वाडे परतले तेव्हा ती पोरगी पुन्हा आली आणि थेट वस्तीवर गेली. मला सोबत नेलं, कारण वस्तीतले लोक पाटलाशिवाय वकिलाशी बोलेनात. बाभळीखाली सगळे बसले. ती म्हणाली, ‘मला त्रेचाळीस जण नकोत. एक पाहिजे. एकानं कोर्टात येऊन सांगावं, सिम मी स्वतः दिलं, आमची ही रीत आहे. मी त्याला काही होऊ देणार नाही.’

मग आश्रुबा म्हणाला, ‘बाई, माज्यामागं चारशे मेंढरं हायती. म्या आत गेलो तर त्यांच्यामागं कोन चालंल?’

‘तुम्ही आत जाणार नाही, आजोबा.’

‘ती बी जानार नव्हती,’ म्हातारा म्हणाला.

प्रियदर्शनी नाथाकडं वळली. नाथा जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. बोलली ती त्याची बायको, बबिता. ‘आमच्या पोरीची सोयरीक मोडली हिच्यापायी. हॅकरची भाची म्हंत्यात तिला. चालता येत न्हवतं तर गप बसून खायाचं. आमी काय उपाशी ठिवलतं का?’ प्रियदर्शनीनं शेवटी माझ्याकडं पाहिलं. तिला माहीत नव्हतं ही रीत कुणी घालून दिली. तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी माझ्याकडं बोट केलं नाही, आणि मी चष्मा पुसला. पोरगी उठली, स्कूटीला किक मारताना तिचे डोळे भरले होते. राग होता तो, आणि तो बरोबर होता.

ऑगस्टमध्ये आरोप वाचून दाखवायची तारीख लागली. आरोपपत्रात लिहिलं होतं की आरोपीनं सेवा केंद्राच्या, म्हणजे भागवतच्या दुकानाच्या, संगणक प्रणालीत अनधिकृत प्रवेश केला. जिला शाळेतल्या बंद कॉम्प्युटरपलीकडं कॉम्प्युटर माहीत नव्हता तिनं. कोर्टाच्या व्हरांड्यात ती खांबाला टेकून बसली होती, केस सगळे पिकलेले, पाय सुजलेला. वस्तीतली पाच-सहा माणसं लांब उभी होती, साक्षीदारांच्या यादीत नावं म्हणून आलेली. तिनं खुणेनं मला बोलावलं.

‘पाटील, म्या गुन्हा न्हाई केला म्हनलं, तर ह्या समद्यायला पिंजऱ्यात हुभं करत्याल?’

‘हो. एकेकाला.’

‘आन त्ये काय म्हनत्याल?’

‘जे लिहून दिलंय तेच म्हणावं लागेल.’

‘आन तितं कुनाच्या तोंडून खरं निगालं तर?’

‘तर खोटा जबाब दिला म्हणून त्याच्यावरच केस.’

ती त्या माणसांकडं बघत राहिली. नाथानं तोंड फिरवलं. ‘नाथा भोळा हाय,’ ती म्हणाली. ‘वकिलानं इचारलं की त्येच्या तोंडून खरंच निगंल.’ मग थोड्या वेळानं, ‘म्या कबूल केलं तर?’

इथं मी गप्प बसायला हवं होतं. निदान प्रियदर्शनीला हाक मारायला हवी होती. मी म्हणालो, ‘कबूल केलंस तर कुणालाच बोलवायचं काम नाही. आजच मिटतंय.’ पंच म्हणून मलाही पिंजऱ्यात जावं लागलं असतं. त्या खुणा कसल्या, असं त्या पोरीनं मला शपथेवर विचारलं असतं.

आत न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. प्रियदर्शनी बोलायला उठली, त्याआधीच कडूबाई म्हणाली, ‘कबूल हाय.’ न्यायाधीशांनी तिला दोनदा समजावून विचारलं, कुणाचा दबाव आहे का. ‘न्हाई जी.’ शिक्षा सांगताना ते म्हणाले की आरोपी महिला आहे, अपंग आहे, हे खरं, पण असे गुन्हे वाढत चाललेत आणि समाजाला संदेश गेला पाहिजे. दीड वर्ष. झालेले सात महिने त्यातून वजा. बाहेर आल्यावर माणसं मोकळी झाली, कुणीतरी भजी मागवली. आश्रुबानं आकाशाकडं पाहून हात जोडले. मी एक भजं खाल्लं.

त्या दिवाळीला वाडे निघाले तेव्हा लोकांनी आधारची सिमं भागवतकडं ठेवली. त्यानं छापील पावत्या दिल्या.

कडूबाई सुटली ती दोन हजार पंचवीसच्या जुलैत. दिंद्रुडला एसटीतून उतरली, तिथून एका ट्रॅक्टरवाल्यानं वस्तीपर्यंत आणून सोडली. तासाभरात नाथाचा पोरगा मला बोलवायला आला. मी गेलो तर ती पडवीच्या बाहेर दगडावर बसलेली, शेजारी पिशवी. दारात बबिता उभी. वस्तीतली बरीच माणसं गोळा झालेली, आश्रुबाही. घरातला मोबाईल खुंटीला लावलेला होता, तो बबितानं माझ्यादेखत काढून कमरेला खोचला.

नाथा म्हणाला, ‘पाटील, हिला घरात घेतलं तर पोलीस परत येत्याल का न्हाई? तुमीच सांगा. पोरीचं औंदा जमायला लागलंय.’

मी काही बोलायच्या आत कडूबाई म्हणाली, ‘म्या घरात येत न्हाई. पडवीतच पडून ऱ्हाईन. फकस्त एकडाव माज्याकडं बगून बोल. नाथा, तुजं सिम तूच आनून दिलतंस न्हवं?’

नाथानं तिच्याकडं बघितलं. मला वाटलं आता तो रडेल. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, त्याला खोटं बोलता येत नाही. आणि तो खोटं बोलत नव्हताच. दीड वर्षात त्याला ते खरं वाटायला लागलं होतं.

‘म्या दिलं आसतं,’ तो म्हणाला, ‘तर तू कोर्टात कबूल कशापायी केलं आसतंस?’

दोन-तीन माना हलल्या. कुणीतरी मागून म्हणालं, ‘जज्जापुढं कबूल केलंय तिनं, आमी काय म्हनावं.’

तिनं आश्रुबाकडं पाहिलं. म्हातारा खाली बघत होता. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘पाटील, तुमी सांगा की ह्यायला. तुमाला तर ठावं हाय.’

मला ठाऊक होतं. एक वाक्य होतं सांगायचं, आणि आता त्या वाक्याला कसली शिक्षाही नव्हती. पण त्या वाक्याच्या मागं दुसरं होतं, आणि दुसऱ्याच्या मागं तिसरं, आणि ती सगळी माझ्याबद्दलची होती. मी म्हणालो, ‘कोर्टाचा निकाल झालाय, कडूबाई. त्यावर मी काय बोलणार?’

ती रागावली नाही, रडली नाही. मेंढरं मोजताना एखादं चुकलं की ही माणसं जशी मनातल्या मनात पहिल्यापासून मोजतात तसे तिचे ओठ हलत होते. मग तिनं पिशवी मांडीवर घेतली.

‘तुमी समदे म्हंतायसा,’ ती म्हणाली, ‘तर मग म्याच चोरलं आसंल.’

आणि तिथल्या एकानंही, मी धरून, तिला नाही म्हटलं नाही.